करंगळीभर मोकळीक

त्याला घरीदारी सगळे चुळबुळ्याच म्हणायचे. हे नाव ताईने ठेवलेलं, आणि ते असं चपखल बसलं की पाळण्यातलं नाव घरातलेही विसरून गेले. जेवताना पाय हलवणार, बोलताना चावी फिरवणार, झोपेत पांघरूण लाथाडणार. हा जरा वेळ एका जागी गप्प बसला की आई कपाळाला हात लावून ताप बघायची. असल्या माणसाने मोटारसायकलच्या शर्यतीत उतरायचं नाही तर काय करायचं? बँकेत चिकटला असता तर शेजारच्या टेबलवाल्याने आठवड्यात बदली मागितली असती.

त्या दिवशी मात्र त्याच्यापेक्षा ताई जास्त अस्वस्थ होती, आणि खरी काळजी तिथेच होती.

शर्यतीच्या रस्त्यालगत पत्र्याच्या शेडांची लांबच लांब रांग होती. त्यातली कोपऱ्यातली शेड यांची. दोन्हीकडून इंजिनांचा असा कल्लोळ चालला होता की माणसं एकमेकांच्या कानाला तोंड लावून बोलत होती. ताई गाडीच्या उजव्या बाजूला मांडी घालून बसली होती आणि क्लचच्या झाकणाचे बोल्ट एकेक करून तपासत होती. तेच बोल्ट तिने सकाळी तपासले होते, नाश्त्यानंतर तपासले होते, आणि आता पुन्हा तपासत होती.

"ताई, झालं ना ते?"

"झालं."

"मग?"

"मग काय? बघतेय."

चुळबुळ्या शेडमध्ये येरझाऱ्या घालू लागला. दारापर्यंत गेला, परत आला, टायरवर लाथ मारून बघितली, पुन्हा दारापर्यंत गेला.

या दोघांचं काम सरळ वाटून घेतलेलं होतं. ताईने गाडी बांधायची आणि याने ती पळवायची. वडिलांचं दुरुस्तीचं गॅरेज होतं. ताई त्यांच्या हाताखाली शिकली आणि वडील गेल्यावर गॅरेज तिनेच चालवलं. चुळबुळ्या तेव्हा एवढासा होता. शाळेतून सुटला की गॅरेजात यायचा आणि दिसेल त्या वस्तूला हात लावायचा. गिऱ्हाइकाच्या गाडीचा आरसा काढ, हॉर्नची वायर ओढ, पेट्रोलचं झाकण फिरव. शेवटी ताईने वैतागून त्याच्या हातात एक नट-बोल्ट दिला आणि सांगितलं, "हे घे. हा नट काढत बस, घालत बस. दुसऱ्या कशाला हात लावलास तर बघ." मात्रा लागू पडली. पोरगं तासन्‌तास डाव्या अंगठ्याने तो नट भिरकावत बसायचं. बोल्टवरून नट सुटला की उजव्या हाताने पुन्हा लावायचा, पुन्हा अंगठ्याने उडवायचा. ताई काम करता करता गुणगुणायची आणि त्या तालावर याचा नट फिरायचा.

आताशा ताईचं गुणगुणणं बंद झालं होतं.

त्याला कारण होतं. मागच्या दोन शर्यतींत चुळबुळ्या सगळ्यांच्या पुढे असताना गाडीचा क्लच जळला होता. दोन शर्यती, दोन्ही वेळा तेच. इंजिन किंचाळतंय आणि गाडी पुढे सरकत नाही, असा प्रकार. पहिल्या वेळी त्याने हात वर केला, गाडी कडेला घेतली आणि निमूट चालत परत आला. दुसऱ्या वेळी मात्र त्याच्या नाकावरचा राग डोक्यात गेला. शेडमध्ये येऊन त्याने हेल्मेट जमिनीवर आपटलं आणि मालकासमोर, आजूबाजूच्या सगळ्या शेडवाल्यांसमोर तो ताईवर ओरडला, "तुला साधा क्लच बसवता येत नाही? एवढी वर्षं काय केलंस मग?"

ताई उलट बोलली असती तर बरं झालं असतं. तिने क्लच उघडला आणि जळून काळ्यानिळ्या पडलेल्या प्लेटी एका फडक्यावर मांडल्या. केबल ताणलेली होती, पण त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. प्लेटी झिजल्या की केबल आपोआप ताणली जाते, हे कुठलाही मिस्त्री सांगेल. "सरावात कधीच जळत नाही रे," ती म्हणाली, आणि ते त्याला नव्हतं, स्वतःलाच होतं. "नेमका शर्यतीतच जळतो. माझं चुकतंय कुठे?"

तेव्हापासून तिचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला. गॅरेजात येणाऱ्या साध्या गाडीचं चाकसुद्धा ती दोनदा घट्ट करू लागली. एकदा तर गिऱ्हाईक निघून गेल्यावर त्याच्यामागे धावत जाऊन तिने त्याची गाडी थांबवली आणि ब्रेक तपासला. चुळबुळ्याने हे बघितलं होतं. त्याला वाईटही वाटलं होतं. पण माफी मागायची म्हणजे एका जागी उभं राहून बोलावं लागतं, आणि ते त्याला कधी जमलं होतं?

गाडी मालकाची होती. मालक म्हणजे गोड बोलून कडू निर्णय घेणारा माणूस. त्याने दोघांना बोलावून सांगितलं होतं, "नंबर कुठलाही येऊ दे, माझं काही म्हणणं नाही. पण गाडी शेवटच्या रेषेपर्यंत आली पाहिजे. पुन्हा क्लच गेला तर मिस्त्री बदलावा लागेल." आणि बोलून थांबला नव्हता तो. नवा मिस्त्री आजच येऊन शेडच्या भिंतीला टेकून उभा होता, इस्त्रीचे कपडे घालून, हाताची घडी घालून. बिचारा माणूस वाईट नव्हता. ताईला त्याने येतानाच नमस्कार केला होता. पण लग्नात उभ्या राहिलेल्या पर्यायी नवऱ्याकडे कोण प्रेमाने बघतं?

ताईने शेवटचा बोल्ट तपासला, उठली आणि हात पुसत म्हणाली, "आज जळला तर मालकांना तोंड उघडायची गरज पडणार नाही. मीच पाने खाली ठेवीन. इथले आणि गॅरेजचेही."

"काहीतरीच काय बोलतेस."

"खरं तेच बोलतेय. उद्या माझ्या हातून कुणाचा जीव गेला तर?"

चुळबुळ्याने ते हसण्यावारी न्यायला बघितलं. गॅरेज बंद केलेली ताई त्याला डोळ्यांसमोर आणता येईना. पाने नसलेल्या हातांनी ती दिवसभर करणार काय?

सुरुवातीच्या रेषेवर गाड्या लागल्या. ताई त्याच्यासोबत आली. तिची एक रीत होती, आणि ती पाळल्याशिवाय ती कधी गाडी सोडत नसे. क्लचच्या लिव्हरला ती बोटाने दोनदा टिचकी मारायची. लिव्हर जरा सैल असेल तर टकटक असा आवाज येतो. मग लिव्हरच्या फटीत करंगळी घालून बघायची. तेवढी मोकळीक असलीच पाहिजे. ती नसेल तर केबल ताणलेली राहते, प्लेटी एकमेकींना पुरत्या चिकटत नाहीत, आणि घासून घासून जळतात. आजही तिने टिचकी मारली. टकटक. करंगळी घातली. आणि रोजच्यापेक्षा जास्त वेळ तशीच ठेवली.

"बरोबर आहे," ती पुटपुटली. "आत्ता तर बरोबर आहे." मग टाकीवर थाप मारून रस्त्याकडेच्या बुटक्या भिंतीपलीकडे निघून गेली.

आता दिवा बदलायचा आणि सुटायचं. पण कुठलं काय! मामांची गाडी अडली. मामा म्हणजे कुणा एकाचे मामा नव्हेत, अख्ख्या मैदानाचे मामा. केस पिकले तरी शर्यत सुटेना. त्यांच्या गिअरची दांडी कुणाच्या तरी पायाने वाकली होती आणि ती सरळ करता करता तुटली. झेंडा हलला, सुरुवात लांबली, सगळ्यांना इंजिनं बंद करायला सांगितलं.

डोक्यावर ऊन, अंगात चामड्याचा पोशाख, आणि करायला काही नाही. दुसरे स्वार कमरेवर हात ठेवून आकाशाकडे बघत होते. चुळबुळ्याचे मात्र हात शिवशिवायला लागले. त्याने हेल्मेटची काच वर केली, खाली केली. हातमोज्याचा पट्टा सोडला, बांधला. सारखं मनात येत होतं, जळला तर? आज जळला तर? भिंतीवरून ताईचं डोकं दिसत होतं, तिच्यामागे इस्त्रीचे कपडे दिसत होते. त्याने नजर काढून घेतली आणि समोरच्या रस्त्याकडे लावली. हात कुठेतरी रमले, आणि त्याला जरा बरं वाटलं.

तिकडे मामांनी तुटकी दांडी फेकून दिली आणि अधिकाऱ्याला सांगितलं, "राहू दे. तिसऱ्यात अडकलीय, तिसऱ्यातच जातो. वळणावर तुम्हाला दिसेनच." लोक हसले. मामा खरंच तसेच उभे राहिले. मागे एकदा चुळबुळ्या वळणावर पडून शर्यत हरला होता आणि शेडमागे बसून स्वतःला शिव्या घालत होता, तेव्हा याच मामांनी त्याला सांगितलं होतं, "चूक झाली ना, की तिच्याकडे बघत बसायचं नाही. पुढच्या वळणाकडे बघायचं. चुकीशी भांडण चहाच्या वेळी."

दिवा बदलला. गाड्या सुटल्या.

सुरुवात झकास झाली. पहिल्या वळणावर चुळबुळ्या दोघांच्या मधून आत घुसला, पुढच्या वळणावर आणखी एकाला मागे टाकलं. त्याच्या अंगातली सगळी वळवळ अशा वेळी कामाला लागायची. जे शरीर खुर्चीत टिकत नसे ते गाडीवर बरोबर बसायचं. भिंतीजवळून जाताना ताईने नंबर लिहिलेली फळी धरली. दुसरा नंबर. फळीच्या मागे तिचा चेहरा दिसला नाही.

आणि मग लांब सरळ रस्त्यावर त्याने मूठ पिळली, तर इंजिन किंचाळलं आणि गाडी तिथल्या तिथे. म्हणजे जात होती, पण ओढ नव्हती. मागून एक सुसाट गेला, मग दुसरा. हेल्मेटमध्ये जळका वास शिरला.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पाठोपाठ राग आला, आणि तो सवयीने ताईवरच गेला. सकाळपासून तेच बोल्ट कुरवाळत बसली होती ना? मग काय उपयोग झाला? डावा हात वर जायला निघालाही होता. हात वर करायचा, कडेला घ्यायचं, उतरायचं. दोनदा तेच केलं होतं. पण आज हात वर गेला की ताईचे पाने खाली, हे त्याला अर्ध्यातच आठवलं, आणि हात परत लिव्हरवर आला.

आता करू काय? माणूस घाबरला की आपल्या माणसाची नक्कल करतो. चुळबुळ्याने ताईची केली. लिव्हरला बोटाने टिचकी मारली.

आवाज नाही. इंजिनाच्या गदारोळात आवाज कुठला यायला, पण बोटाला तरी ढिलाई लागायला हवी होती. लिव्हर गच्च. केबल कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताणलेली.

हे कसं शक्य आहे? सुरुवातीच्या रेषेवर त्याने स्वतः ऐकलं होतं, टकटक. ताईची करंगळी फटीत गेलेली त्याने स्वतः बघितली होती. त्यानंतर गाडीला हात लावायला कोण आलं? कुणीही नाही. नवा मिस्त्री भिंतीपलीकडे होता, मालक सावलीत होता. गाडीवर एकटा तो होता. प्लेटी झिजून केबल ताणली जाते हे खरं, पण एवढ्यात? आता कुठे दोन-चार फेऱ्या झाल्या होत्या.

विचार करता करता त्याची नजर खाली गेली. लिव्हरच्या मुळाशी केबल ताणायची एक छोटी गोल चकती असते. तिच्या कडेला खाचा असतात, मोजा घातलेल्या हातालाही फिरवता यावी म्हणून. त्या चकतीवर त्याचा डावा अंगठा होता. आणि अंगठा चकती फिरवत होता. बाहेरच्या बाजूला. एकेक खाच, सावकाश, लहानपणी नट भिरकावायचा तसा.

त्याने स्वतःलाच रंगेहाथ पकडलं होतं.

मागच्या दोन्ही वेळा सुरुवात लांबली होती! एकदा रस्त्यावर तेल सांडलं होतं, एकदा दिवाच बिघडला होता. दोन्ही वेळा तो असाच उन्हात बसून होता, आणि हात असेच कुठेतरी रमले होते. सरावात थांबावं लागत नाही, म्हणून सरावात कधी जळला नाही. ताई म्हणत होती ना, नेमका शर्यतीतच जळतो. अगं, जळणार नाही तर काय होईल? तू बांधून देत होतीस आणि हा नालायक बसल्या बसल्या उसवत होता.

हे सगळं मनात चाललं तेवढ्यात वळण आलं, आणि साहेब बघतायत अंगठ्याकडे. ब्रेक मारायची जागा केव्हाच मागे पडली होती. मान वर केली तेव्हा समोर रस्ता नव्हताच, खडी होती. त्याने दात आवळले, गाडी सरळ ठेवली आणि खडीत घातली. खडे पोटाखाली ताडताड वाजले, मागचं चाक डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, एक पाय जमिनीला लागून मागे फेकला गेला. कशीबशी गाडी उभी राहिली आणि डुलत डुलत रस्त्यावर आली. तोवर सगळा घोळका निघून गेला होता. शेजारून मामा आले, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ठणाणा वाजवत. त्यांनी त्याच्याकडे बघून मान हलवली आणि बोट पुढच्या वळणाकडे दाखवलं.

पुढच्या वळणाकडे बघायचं. बरं.

पुढे एक संथ उतार होता. तिथे त्याने मूठ सोडली आणि चकती आत फिरवली. अंगठा उलटा जाईना. एवढ्या वर्षांत तो या बाजूला कधी फिरलाच नव्हता. दोन बोटांत धरून, ताईला आठवत, त्याने ती आत आत नेली. टिचकी मारली. लिव्हर हलली. फटीत करंगळी घालायला काही सवड नव्हती, पण बोटाला समजलं, आता तेवढी मोकळीक आहे.

क्लचने धरलं. पण प्लेटी भाजलेल्या होत्या. जोरात मूठ पिळली की पुन्हा सुटायच्या. मग त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. सबुरीने गाडी चालवली. गिअर लवकर बदलायचा, मूठ हळू पिळायची, सरळ रस्त्यावर लोक पुढे जातायत तर जाऊ द्यायचे आणि वळणावर जेवढं कमावता येईल तेवढं कमवायचं. आणि डावा अंगठा त्याने हँडलच्या खाली असा दाबून धरला की त्याला कळ लागली.

भिंतीजवळून गेला तेव्हा फळी नव्हती. ताई खाली बसलेली दिसली, हत्यारांच्या पेटीवर, गुडघ्यांत मान घालून. पेटीचं झाकण लावलेलं होतं. तिने जळका वास घेतला असणार, किंवा घसरलेला नंबर मोजून काय ते समजली असणार. चुळबुळ्याला ओरडावंसं वाटलं, ताई, ऊठ गं, तुझं काही चुकलेलं नाही. हेल्मेटमध्ये तो ओरडलाही. ते फक्त हेल्मेटनेच ऐकलं.

पुढच्या फेरीला ती उभी होती. आश्चर्याने बघत होती. त्याच्या पुढच्या फेरीला फळी हातात आली, पण तिच्यावर नंबर नव्हता. नुसतीच कोरी फळी धरून ती उभी होती.

आता तुम्ही म्हणाल, यापुढे त्याने गाडी नेली तरी कशी? भीतीने. पडायची भीती नव्हती ती. रेषेच्या अलीकडे गाडी बंद पडली तर सगळं जग म्हणेल, ताईमुळे, आणि ताईही तेच म्हणेल. त्या भीतीने त्याने शेवटच्या फेऱ्या काढल्या. शेवटच्या वळणावर मामा पुढे होते. जाऊ द्यावं, असं पहिल्यांदा त्याच्या मनात आलं. मग तेही राहवेना, आणि आतून घुसून त्याने त्यांना मागे टाकलं. स्वभावाला औषध कुठून आणायचं?

रेषा ओलांडली. सातवा.

सातवा येऊन एवढा आनंद झालेला माणूस त्या मैदानाने पाहिला नसेल. आणि त्या आनंदात, शेडकडे येता येता, त्याच्या डोक्यात एक सोयीचा विचार आला. गाडी पोचली. मालकाची अट पुरी झाली. ताईचं काम वाचलं. मग आता तोंड उघडायची काय गरज? इथून पुढे अंगठा आवरायचा, बस. ताईला मान मिळेल, आपलं झाकलेलं राहील, कुणाचंच काही बिघडणार नाही. विचार इतका गोड होता की त्याने दोनदा मनात घोळवला.

शेडमध्ये मालक टाळ्या वाजवत होता. "बघा, ठरवलं की होतं," असं ताईला म्हणत होता. नवा मिस्त्रीही पुढे झाला आणि मनापासून म्हणाला, "आज उत्तम बांधली होतीत गाडी." मग दोघे बाहेर गेले, शेजारच्या शेडवाल्यांशी बोलायला.

ताई मात्र हलली नव्हती. चुळबुळ्याने हेल्मेट काढलं तरी ती गाडीकडेच बघत होती.

"आज मी काहीच वेगळं केलं नव्हतं," ती म्हणाली. "तसाच बांधला होता. अगदी तसाच. मग आज का टिकला?"

"टिकला ना? सोड की मग."

"कसं सोडू? वास आला होता मला. अर्धा जळलाय तो. का जळला ते मला माहीत नाही, का वाचला तेही माहीत नाही. असल्या हातांनी मी कुणाची गाडी बांधायची?" तिने पेटीवरून हात फिरवला. "त्या नव्या मिस्त्रींना मी आत्ताच सांगितलंय. पुढच्या वेळेपासून ते येतील. पेटीही त्यांनाच देणार आहे. वडिलांचे पाने आहेत, चांगल्या हातात जाऊ देत."

चुळबुळ्याचा गोड विचार तिथेच कडू झाला. तो दारापर्यंत गेला. परत आला. पुन्हा दारापर्यंत गेला.

"अरे, काय चाललंय तुझं? बस की खाली."

तो बसला नाही. त्याने डाव्या हाताचा मोजा ओढून काढला आणि अंगठा तिच्यासमोर धरला.

"हा जाळतो क्लच," तो म्हणाला. "हा अंगठा. सुरुवात लांबली की मी बसल्या बसल्या चकती फिरवत राहतो. मला माहीतच नव्हतं. आज फिरवताना मीच मला बघितलं. मग परत आत घेतली, म्हणून वाचला. तिन्ही वेळा तू बरोबर बांधला होतास."

ताईने तो अंगठा हातात धरला, तापलेला पार्ट उलटसुलट करून तपासावा तसा.

"कुठल्या बाजूला फिरवतोस?"

"बाहेर."

"दर वेळी बाहेरच?"

"तो तसाच जातो. लहानपणापासून."

ताईला समजलं. तिच्या चेहऱ्यावरून ते सरकत गेलेलं त्याला दिसलं. गॅरेज, नट-बोल्ट, आणि हे घे, काढत बस. ती पेटीवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे माझे हात बरोबर होते."

"होते."

"पुन्हा सांग."

"ताई, तुझे हात बरोबर होते."

ती रडली. तोंड झाकून नाही, तशीच, तेलकट हात मांडीवर ठेवून. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. चुळबुळ्याला कुठे बघावं कळेना. रडून झाल्यावर ती उठली आणि त्याच्या पाठीत असा एक धपाटा घातला की चामड्याच्या पोशाखातूनही तो लागला.

"सगळ्यांसमोर बोलला होतास मला."

"हो."

"मग हेही सगळ्यांसमोर सांग. आत्ता. मालक बाहेर उभे आहेत."

चुळबुळ्याने बाहेर बघितलं. मालक, नवा मिस्त्री, मामा, दोन्ही शेजारच्या शेडमधली माणसं, सगळी घोळका करून उभी होती. मिस्त्री बदलायला निघालेला मालक स्वारही बदलू शकतो, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. पुढच्या शर्यतीत या गाडीवर दुसराच कुणी बसलेला दिसू शकतो. तो दारातच थांबला. हात मात्र सुरू झाले होते. एक हात पोशाखाची चेन वर-खाली करत होता, दुसरा खिसा उसवत होता.

"चुळबुळ्या."

त्याने वळून बघितलं. ताईने पेटी उघडली होती. तळाशी हात घालून तिने एक नट-बोल्ट काढला आणि त्याच्या डाव्या हातात दिला.

"हे घे. दुसऱ्या कशाला हात लावू नकोस."

तो बाहेर गेला. घोळक्यासमोर उभा राहिला. आवाज निघाला तो शेडांची सगळी रांग ऐकेल असा निघाला.

"मालक, क्लच दोन्ही वेळा मी जाळला. आजही जाळत होतो. ताईचं काम कधीच चुकलं नव्हतं."

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. मालकाचं हसू चेहऱ्यावरच थांबलं. तो उत्तराची वाट बघत तिथेच उभा राहिला. त्याचे पाय एका जागी होते, पहिल्यांदाच. फक्त डाव्या हातातला नट तेवढा फिरत होता.